काळे वाटाणे आणि गोडी बाव

१९९९ सालच्या मे महिन्यातल्या एका सोमवारी, सकाळी सात वाजता, माझा चहा फाटला.

शंभर माणसांचा चहा होता. आमच्या आडखोलच्या किनाऱ्यावर कंपनीने झावळांचा मोठा मांडव घातला होता आणि मांडवाच्या मागे तीन चुली मांडून मी बसले होते. दूध ओतलं आणि बघता बघता टोपात चोथा वेगळा, पाणी वेगळं झालं. बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. कंपनीने चुलीजवळ एक नळ आणून दिला होता, त्यांच्या नव्या बोअरवेलचा. त्याचं हे पाणी.

मी आजूबाजूला बघितलं. माझी आतेसासू द्वारकाआते तेवढी जवळ होती, विळीवर नारळ खोवत. तिने एकदा टोपाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा खोवायला लागली. मी टोप उचलून माडाच्या आळ्यात रिकामा केला, गोड्या बावेवरून, म्हणजे गावच्या गोड्या विहिरीवरून, दोन हंडे पाणी आणलं आणि दुसरा चहा टाकला. कोणाला काही बोलले नाही.

का बोलले नाही, ते आधी सांगते.

आडखोल तेव्हा शंभरेक घरांचं गाव. एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मध्ये माडांची पट्टी. बावी पुष्कळ, पण होळी झाली की एकेकीचं पाणी मचूळ व्हायला लागे. वैशाखात सगळ्या खारावत. उरे ती एक गोडी बाव, समुद्रापासून दगड फेकण्याच्या अंतरावर असूनही गोड. ती कुणी खणली ते कुणाला ठाऊक नव्हतं. वैशाखात अख्खं गाव तिच्यावर यायचं. घरटी दोन हंडे, त्याहून जास्त नाही. ज्या घरात बाळंतीण असेल, आजारी असेल किंवा पाहुणा आला असेल त्या घराला तिसरा हंडा, आणि त्या घरच्या बाईला रांगेत पुढे सोडायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पण माझ्या लग्नापासून तोवर मी एकदाही त्यावरून भांडण झालेलं बघितलं नव्हतं.

आमचा जिल्हा पर्यटनाचा होणार असं तेव्हा सगळीकडे चाललं होतं. मुंबईची एक कंपनी आली. किनाऱ्यालगतची पडीक जमीन तिने आधीच घेतली होती. तिथे शंभर खोल्यांचं रिसॉर्ट, पोहायचा तलाव, हिरवळ. नमुन्याच्या सहा झोपड्या बांधूनही झाल्या होत्या, लाल कौलांच्या, बघायला सुंदर. कंपनीचे मॅनेजर टिपणीस वर्षभर गावात येत-जात होते. गोड बोलणारा, पांढऱ्या कपड्यांतला माणूस. वस्तीच्या एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर आणि शाळेचे दोन मास्तर माझ्याकडे जेवत. टिपणीसही जेवायला लागले. पाणी मात्र स्वतःच्या बाटलीतलं पीत. मला त्यांनी सांगितलं होतं की रिसॉर्टमधल्या कामगारांचं कॅन्टीन माझ्याकडे देणार. माझ्या नवऱ्याला, जयवंतना, पाहुण्यांना खाडीत फिरवायच्या बोटीवर घेणार. आणि आमचा एकुलता एक मुलगा मुंबईत दुसऱ्याच्या दुकानात झोपत होता, त्याला इथे परत आणून ऑफिसात बसवणार.

जयवंत वर्षभर वेगळेच माणूस झाले होते. गुणगुणत जाळं विणायचे. मुलाची खोली त्यांनी त्या हिवाळ्यात स्वतः सारवून काढली होती.

म्हणून मी फाटलेला चहा माडाला घातला आणि गप्प बसले.

त्या दिवशी सरकारी सुनावणी होती. प्रांतसाहेब येणार, कंपनीचा अहवाल वाचणार, गावाचं म्हणणं ऐकणार आणि तसं वर कळवणार. जेवण कंपनीकडून, आणि ते करायचं काम माझ्याकडे. सोमवार म्हणून मासे नाहीत. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भात, सोलकढी आणि खीर. वाटाणे आदल्या दिवशीच भिजत घातले होते.

दहाच्या सुमारास प्रांत आले. गजभिये त्यांचं नाव, भंडाऱ्याकडचे. पन्नाशीचे, बुटके, जाड चष्मा. आल्या आल्या त्यांनी बुटांत गेलेली वाळू झटकली आणि सरपंचांना विचारलं की एवढ्या उन्हात समुद्रावर मांडव घालायची कल्पना कुणाची. सरपंच आबा मोंडकर टिपणिसांकडे बघून हसले. मांडव गच्च भरला होता. बायका एका कडेला, पोरं माडांना टेकून. गावाचं म्हणणं काय असणार ते सगळ्यांना माहीत होतं. ग्रामपंचायतीचं संमतीपत्र आबांनी खिशातच आणलं होतं. ज्यांना पाणी जाण्याची भीती होती ते आपसांत कुजबुजत होते, पण कागदावरच्या इंग्रजीपुढे कोण उभं राहणार.

टिपणिसांनी अहवाल मराठीत वाचून दाखवला. रोजगार किती, रस्ता कसा होणार, दवाखान्याला मदत. मी मांडवाच्या कनातीमागे मोठा टोप चढवत होते, कान तिकडे. मग पाण्याचा भाग आला. टिपणीस वाचत होते की जागेवरच्या बोअरवेलला बारमाही गोडं पाणी असून ते पिण्यास योग्य असल्याचं प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र जोडलेलं आहे. रिसॉर्टसाठी दररोज साठ हजार लिटर पाणी तिथूनच उचललं जाईल आणि गावाच्या विहिरींवर त्याचा काहीही परिणाम होणार नाही.

साठ हजार लिटर. आमचं अख्खं गाव वैशाखात दोन-दोन हंड्यांवर राहत होतं. आणि ते बोअर गोड्या बावेपासून चाळीस पावलांवर. सहा झोपड्यांच्या बांधकामालाच त्यांनी हिवाळाभर पंप चालवला तर बोअरमध्ये समुद्र शिरला होता. साठ हजार लिटर रोज ओढल्यावर तो चाळीस पावलांवर थांबणार होता होय? एकदा बावेत खार शिरला की मग ती पुन्हा गोडी होत नाही. खाडीपलीकडच्या वाडीची तशी एक बाव मी लहानपणी बघितली होती. पुढे त्या वाडीत कुणी राहिलं नाही.

माझ्या हातात पळी होती. ती घेऊनच मी कनात बाजूला करून पुढे गेले. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात चार माणसांपुढे मी कधी बोलले नव्हते.

मी म्हटलं, "साहेब, ते प्रमाणपत्र कधीचं आहे?"

गजभियेंनी पान उलटलं. "ऑक्टोबर."

"ऑक्टोबरात आमच्याकडे खड्डा खणला तरी गोडं पाणी लागतं. आत्ता वैशाख आहे. त्या नळाच्या पाण्यात काळे वाटाणे शिजणार नाहीत."

लोक हसले. आबा उठून म्हणाले, "शेवंतीवयनी, तुम्ही जेवणाचा बघा. हय कामाचा चल्ला हा." बायकांतून कुणीतरी म्हणालं की जेवणाचंच तर बोलते ती. टिपणीस अगदी सौम्य हसून म्हणाले की प्रयोगशाळेपेक्षा वाटाणे मोठे कधीपासून झाले.

मला तेव्हा काय झालं कोण जाणे. मी म्हणाले, "आत्ता चुलीवर टाकते. तुमच्या नळाच्या पाण्यात. दीड तासात शिजले तर गावातल्या सगळ्या बायका तुमच्या कागदावर सह्या करतील. नाही शिजले तर साहेबांनी तसं लिहून घ्यावं."

बायकांना विचारलं नव्हतं, नवऱ्याला विचारलं नव्हतं. गावाचं पाणी मी एका टोपाला बांधून टाकलं होतं. जयवंत पुढून तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी मान फिरवली.

टिपणीस लगेच हो म्हणाले. त्यांचा विश्वास खरा होता, हे मला नंतर कळलं. गजभियेंनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "वाटाणे माझ्या कायद्यात नाहीत. पण सुनावणी दीड तास तर चालणारच आहे. टाका."

मी सगळ्यांच्या देखत नळाखाली एक बारका टोप भरला, भिजलेले वाटाणे त्यात ओतले आणि कडेच्या चुलीवर चढवला. पंगतीच्या सांबाऱ्याचा मोठा टोप मधल्या चुलीवर होता, तो अर्थात गोड्या बावेच्या पाण्याचा. द्वारकाआते त्या वेळी तिथे नव्हती. ती सोलकढीचं आगळ आणायला घरी गेली होती. हे माझ्या ध्यानात राहिलं नाही, आणि तिथेच मी चुकले.

कारण गजभियेंनी मला पुढे बोलावून घेतलं. गावात बावी किती, कुठली कधी खारावते, सगळं विचारलं. मी सांगत गेले तशा बाकीच्या बायकाही सरकत सरकत पुढे आल्या. एकीने सांगितलं की खालच्या वाडीची बाव पूर्वी पाडव्यापर्यंत टिकायची, यंदा शिमग्यालाच गेली. दुसरीने सांगितलं की पंप चालला की गोड्या बावेत पाणी हलतं, ते तिने डोळ्यांनी बघितलंय. गजभिये लिहून घेत होते. मधेच टिपणीस प्रश्न विचारत, बायका उत्तर देत. पाऊण तास कसा गेला कळलं नाही. चुलीपाशी माझ्या घरची म्हणून कुणी उरलं नव्हतं. आते तेवढी परत आली होती.

दीड तासाने गजभियेंनी घड्याळ उचललं. सगळा मांडव कनातीमागे लोटला. टिपणिसांनी स्वतः पळीने दोन वाटाणे काढले आणि बोटांत धरून दाबले. लोण्यासारखे फुटले.

"शिजले की हो वहिनी," ते म्हणाले. त्यांची माणसं टाळ्या वाजवायला लागली. गावातल्या ज्या पोरांना नोकरीचा शब्द मिळाला होता तीही. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, घेवा आता कागद, करा सह्या.

 मी टोपावर वाकले. पाण्यावर तेलाचे थेंब तरंगत होते. हिंगाचा वास येत होता. मी हिंग घातला नव्हता, तेलही नाही.

आमच्या घरात वाटाण्याला उकळतानाच हिंग आणि तेल घालणारी एकच बाई होती.

"आते," मी म्हटलं, "या टोपाला तू हात लावलास?"

आतेला वाटलं मी कौतुक करते आहे. कमरेवर हात ठेवून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मगे? ह्या बारक्या टोपातला सायबाच्या पंगतीक असतला, असा माका वाटला. बघतंय तर नळाचा पाणी. ता मियां माडाच्या आळ्यात वतून टाकलंय नि गोड्या बावचा घातलंय. सायबाक काय खारट पाण्याचा वाढतलंस?"

 मग बायकांत हशा पिकला आणि टिपणिसांचा चेहरा बदलला. ते म्हणाले की हे ठरवून केलेलं नाटक आहे. वाटाणे शिजले, शब्द दिला होता, आता म्हातारीला पुढे केलं. आबाही म्हणाले की शब्द म्हणजे शब्द. खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

गजभिये आतेपुढे जाऊन उभे राहिले. "आजी, ते पाणी खारं आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगूक कोण होया? सकाळी हिचो च्या फाटलो मां."

साहेब माझ्याकडे वळले. "चहा फाटला होता?"

 जयवंत माझ्या समोरच उभे होते. मी नाही म्हटलं असतं तर आतेच्या बोलण्याला काही किंमत उरली नसती. सत्तर वर्षांच्या अडाणी बाईचं कोण ऐकतो. हो म्हटलं तर कॅन्टीन गेलं, बोट गेली, मुलाची सारवलेली खोली रिकामी राहिली.

"हो," मी म्हटलं. "शंभर माणसांचा चहा. याच नळाच्या पाण्याचा. मी तो माडाला घातला आणि विहिरीचं पाणी आणलं. तुम्ही सगळे प्यायलात तो दुसरा."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"मला कॅन्टीन मिळणार होतं."

कुणी हसलं नाही.  गजभियेंनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी आपल्या ड्रायव्हरला हाक मारली. "हा टोप रिकामा करून घासून आण. नळाचं पाणी तू भर. तूच चुलीवर ठेव आणि तिथून उठू नको." टिपणिसांनी विचारलं की एवढा वेळ थांबणार का. साहेब म्हणाले, "मला घाई नाही बाप्पा. माझी आई म्हणायची, पाणी माणसापेक्षा खरं बोलतं. ऐकून घेऊ."

दुसऱ्यांदा वाटाणे चढले. साहेबांनी आपली खुर्ची उचलून चुलीपाशी आणली. त्यांनी नळाच्या पाण्याची एक बाटली भरून सील केली, त्यावर स्वतःची आणि टिपणिसांची सही घेतली, तपासणीला पाठवायला. मग एक पेला भरून टिपणिसांपुढे धरला. टिपणिसांनी घोट घेतला. तो तोंडातच धरून ते बराच वेळ उभे राहिले. थुंकायची लाज वाटली असावी. शेवटी गिळला.

लाकडं संपत आली होती. मी उठणार तेवढ्यात जयवंत आले. हातात माडाच्या सुक्या पोयी आणि करवंट्यांचा भारा होता. ते माझ्याकडे बघितल्याशिवाय चुलीपाशी बसले आणि एकेक करवंटी आत सारू लागले.

"तुम्ही कशाला," मी म्हटलं.

"जाळ कमी पडला म्हणून शिजले नाहीत, असं कुणी म्हणायला नको."

दोन तास ते तिथून हलले नाहीत. घामाने भिजून गेले. मधे एकदाच म्हणाले, "सकाळीच सांगायचंस मला." मी म्हटलं, "सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?" त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "गप्प बसलो असतो." मग आम्ही दोघंही हसलो. त्या वर्षभरातलं आमचं पहिलं खरं हसणं असेल ते.

लोकांना भूक लागली होती. पंगती बसल्या. मोठ्या टोपातलं सांबारं आणि वडे सगळ्यांना वाढले. कंपनीची माणसंही जेवली. गजभिये तेवढे जेवले नाहीत. आते त्यांना दोनदा सांगून आली, मग रागावून गेली.

दोन तास वीस मिनिटांनी साहेबांनी पळी मागितली. एक वाटाणा दाताखाली धरला. कटकन आवाज आला तो मांडवात मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला असं लोक आजही सांगतात, ते काही खरं नाही. पण त्यांनी गाल धरला हे खरं. त्यांनी तो वाटाणा टेबलाच्या लाकडावर टाकला. टणकन उडून तो वाळूत पडला. बाबल तांडेल म्हणून एक म्हातारा मच्छीमार होता, तो म्हणाला, "बंदुकीत घालूक बरे हत."

साहेबांनी टोपातले वाटाणे ओंजळभर काढून ताटात घेतले आणि ताट मांडवभर फिरवलं. ज्याने त्याने हातात घेऊन बघितले. नोकरीच्या शब्दावर टाळ्या वाजवणारी पोरंही दाबून बघत होती. ताट आबांपर्यंत आलं. आबांनी एक उचलला, बराच वेळ बोटांत फिरवला, आणि उभे राहिले. खिशातलं संमतीपत्र काढून त्यांनी त्याच्या दोन घड्या आणखी घातल्या.

"सायबानू, ह्या पत्र आमी देत नाय. आमच्या घरातल्यांका दोन हंडे पुरत नायत. साठ हजार लिटर आमी खंयसून देतलव?"

पहिला हात बायकांतून वर आला. मग दुसरा. मग ते मोजायची गरज राहिली नाही. मी जयवंतांकडे बघितलं. चुलीपाशी उकिडवे बसलेले, काजळी लागलेला हात त्यांनी वर धरला होता.

गजभियेंनी लिहिलं. काय लिहिलं ते त्यांनी वाचून दाखवलं: जागेवरील पाणी मे महिन्यात खारट असल्याचं उपस्थितांसमोर दिसून आलं, ग्रामस्थांनी एकमताने संमती नाकारली, पाण्याची तपासणी उन्हाळ्यात केल्याशिवाय परवानगीचा विचार करू नये. खाली सही. मग ते पंगतीला बसले, एकटे. आतेने त्यांना सात वडे वाढले आणि सातही संपेपर्यंत समोर बसून राहिली.

बाटलीचा निकाल पावसाआधी आला. पिण्यास अयोग्य. पुढच्या वर्षी कंपनीने जमीन सोडली आणि उत्तरेकडे कुठे दुसरा किनारा शोधला.

पण लोक यायचे थांबले नाहीत. रस्ता झाला, गाड्या वाढल्या, समुद्र बघायला माणसं येतच राहिली. दोन वर्षांनी ग्रामसभेत आम्ही बायकांनी ठराव मांडला. खोल्या आपल्याच घरांत, गावभर मिळून वीस, त्याहून एकही जास्त नाही. पोहायचा तलाव नाही, हिरवळ नाही. गोड्या बावेच्या आतल्या भिंतीचे चिरे मोजायचे. पाणी उतरून वरून नऊ थर उघडे पडले की पाहुणे बंद, पाऊस पडून थर झाकले की चालू. मे महिन्याच्या सुट्टीतच धंदा असतो हे काय आम्हाला कळत नव्हतं? पुरुषांनी तेव्हा आम्हाला वेड्यात काढलं. आज शेजारच्या दोन गावांत टँकर येतात. आडखोलात आजवर एकही टँकर आलेला नाही.

आबा मोंडकर पुढे आणखी दोन वेळा सरपंच झाले. ते संमतीपत्र त्यांनी कंपनीला कधी दिलंच नव्हतं, असं ते मरेपर्यंत सांगत. ते खरंही होतं.

टिपणिसांनी चार-पाच वर्षांत कंपनी सोडली. एका डिसेंबरात ते बायकोला घेऊन माझ्याकडे राहायला आले. जेवताना म्हणाले, "वहिनी, मी त्या जागेवर वर्षभर फिरलो, पण त्या दिवसापर्यंत तिथलं पाणी कधी चाखलंच नव्हतं." त्या खेपेला त्यांनी बाटली आणली नव्हती.

द्वारकाआते २००४ च्या वैशाखात गेली. शेवटचे आठ दिवस ती अंथरुणाला होती आणि त्या आठही दिवशी रांगेतल्या बायकांनी मी न सांगता मला पुढे सोडलं.

आमचा मुलगा परत आला. ऑफिसात नाही बसला. तो बोट चालवतो, वडिलांसारखी, पाहुण्यांना खाडीत कांदळवन दाखवतो आणि सुनेबरोबर आमच्या दोन खोल्या सांभाळतो. जयवंत सहा वर्षांपूर्वी गेले, नातवाला जाळं विणायला शिकवून.

आणि गजभियेसाहेब. ते निवृत्त होऊन नागपूरला राहायला गेले. तीन वर्षांपूर्वी त्यांचा फोन आला. आवाज थकलेला होता, पण मी ओळखला. नातवंडांना सुट्टी आहे, म्हणाले, पुढच्या आठवड्यात समुद्र दाखवायला आणतो, तुमच्याकडेच उतरू, त्या मांडवातलं सांबारं पुन्हा खाऊ. बोलता बोलता मी सुनेला बावेवर पिटाळलं होतं, ती परत येऊन दारातूनच बोटांनी खूण करत होती. दहा थर उघडे.

 या माणसाने माझं गाव वाचवलं होतं. मी म्हटलं, "साहेब, मे महिना आहे. बाव उतरली आहे. नाही जमणार."

  पलीकडून हसू ऐकू आलं, अगदी मनापासूनचं, मधे खोकला येऊन थांबलेलं.

"बाई," ते म्हणाले, "नोकरीत मी हजारो कागदांवर सह्या केल्या. त्यातली एक तरी जिवंत आहे की नाही, हेच मला बघायचं होतं."

ते कार्तिकात आले, नातवंडांसह, आणि आठ दिवस राहिले.